व्यवसायनीतिशिक्षण

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना व्यवसायातील नैतिक प्रश्न ओळखण्याचे, त्यांविषयी विचारपूर्वक निर्णय घेण्याचे आणि नेतृत्वपदावर असताना समाजाप्रती असलेले उत्तरदायित्व सांभाळण्याचे जे शिक्षण दिले जाते, त्यास व्यवसायनीतिशिक्षण म्हणतात. व्यवसायनीती हे उपयोजित नीतिशास्त्राचे एक अंग असले, तरी तिच्या अध्यापनाचा प्रश्न वेगळा आहे. योग्य काय हे ठरले की तत्त्वज्ञानाच्या वर्गातील चर्चा बहुधा संपते. व्यवस्थापनाच्या वर्गात मात्र वरिष्ठांचा दबाव, तिमाहीचे उद्दिष्ट आणि अपुरी माहिती सांभाळून ते योग्य घडवून कसे आणायचे, हे तेथून पुढे शिकवावे लागते.

या शिक्षणाचा उगम केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. रूढ मताप्रमाणे हे क्षेत्र १९७० च्या दशकात अमेरिकेत उदयास आले. तत्त्वज्ञ नॉर्मन बोवी यांनी नोव्हेंबर १९७४ मध्ये कॅन्सस विद्यापीठात भरलेल्या परिषदेपासून त्याचा आरंभ मानला आणि पुढील बहुतेक लेखकांनी ही तारीख स्वीकारली. समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल अबेंड यांनी २०१३ मध्ये हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. व्यापाऱ्याच्या नीतीवरील अध्यापन अमेरिकन विद्यापीठांत १९०२ ते १९३६ या काळातच रुळले होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅक्रामेंटोचे व्यापारी हॅरिस वाइनस्टॉक यांच्या देणगीतून १९०२ च्या सुमारास सुरू झालेली व्याख्यानमाला आणि येल विद्यापीठातील १९०८ च्या सुमाराची पेज व्याख्याने हे त्यांच्या पुराव्यांपैकी होत. या व्याख्यानांचा सूर उपदेशाचा होता; त्यांत परीक्षा, पाठ्यक्रम किंवा पद्धतशीर युक्तिवाद फारसा नव्हता. त्यामुळे दोन्ही पक्ष काही अंशी निरनिराळ्या गोष्टींना ‘शिक्षण’ म्हणत आहेत, असे म्हणता येईल. तरीही अबेंड यांचे पारडे जड वाटते, कारण मधल्या काळातील खंडाचेही स्पष्टीकरण देता येते. फोर्ड आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या साहाय्याने १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अहवालांनी अमेरिकेतील व्यवसायशिक्षण उथळ ठरवले. त्यानंतर विद्यालये गणित, अर्थशास्त्र व वर्तनविज्ञाने यांकडे वळली आणि नीतीची चर्चा मागे पडली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार करणारे वॉटरगेट प्रकरण व लॉकहीड या विमान कंपनीची परदेशांतील लाचखोरी यांमुळे ती १९७० च्या दशकात परतली, तेव्हा साहजिकच ती नवजात भासली. व्यवसायनीतीच्या अभ्यासकांची संघटना १९८० मध्ये स्थापन झाली आणि १९८२ पासून या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक निघू लागले.

अध्यापनाची प्रमुख पद्धत ‘केस’ची, म्हणजे एखाद्या प्रसंगाचा तपशील वाचून त्यावर वर्गात निर्णय घेण्याची आहे. सर्वांत परिचित उदाहरण फोर्ड कंपनीच्या पिंटो मोटारीचे असून ते येथे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण ते अनेकदा चुकीचे शिकवले जाते. मागून धडक बसल्यास या मोटारीची इंधनटाकी फुटून आग लागण्याचा धोका होता. कंपनीने १९७३ मध्ये केलेल्या एका टिपणात १८० मृत्यूंची किंमत प्रत्येकी २ लाख डॉलर, १८० गंभीर भाजलेल्यांची प्रत्येकी ६७ हजार डॉलर आणि २,१०० जळालेल्या वाहनांची प्रत्येकी ७०० डॉलर धरून हे नुकसान टळण्याचा एकूण सुमारे ४ कोटी ९५ लाख डॉलरचा लाभ मांडला होता. उलट सव्वा कोटी वाहनांत प्रत्येकी ११ डॉलरची दुरुस्ती करण्याचा खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर येत होता. पत्रकार मार्क डाउई यांच्या १९७७ मधील लेखानंतर हा हिशेब निर्दयतेचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत गेला. विधिज्ञ गॅरी श्वार्ट्झ यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की ते टिपण पिंटोविषयी नव्हतेच. गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीसंबंधीच्या प्रस्तावित नियमावर मत म्हणून ते सरकारी वाहतूक सुरक्षा यंत्रणेला सादर झाले होते, त्यात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्वच वाहनांचा हिशेब होता आणि २ लाख डॉलर हा आकडाही त्या यंत्रणेचाच होता. यामुळे मोटारीचा दोष नाहीसा होत नाही. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावाव्या लागल्या. परंतु ‘दुष्ट व्यवस्थापकांनी आकडेमोड करून माणसे मरू दिली’ ही सोपी कथा मात्र टिकत नाही.

त्या कथेपेक्षा डेनिस जोइया यांचे कथन अध्यापनास अधिक उपयोगी आहे. एमबीए होऊन ते फोर्डमध्ये गेले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याच्या कामाचे समन्वयक झाले. सामाजिक जबाबदारीविषयी त्यांचे विचार पक्के होते. जळालेल्या पिंटोचा सांगाडा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, विषय बैठकीपुढे नेला आणि इतरांप्रमाणेच गाडी परत बोलावण्याच्या विरोधात मत दिले. पुढे प्राध्यापक झाल्यावर १९९२ मध्ये त्यांनी लिहिले, की रोजच्या कामाच्या ठरावीक साच्यात तो प्रश्न नैतिक आहे हेच त्या वेळी जाणवले नाही. एक पिंटो त्यांच्या स्वतःच्या मालकीचीही होती, ती त्यांनी बहिणीला विकली.

याच धाटणीची दुसरी केस हिमालयातील आहे. गिर्यारोहण करणारे अमेरिकन बँकर बोवेन मॅकॉय यांनी १९८३ मध्ये ती लिहिली. नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या वाटेवर, सुमारे १५,५०० फुटांवर, बर्फात जवळजवळ उघडा पडलेला एक साधू आढळतो. कोणी कपडे देतो, कोणी अन्नपाणी, कोणी त्याला थोडे खाली नेऊन ठेवतो. पण खिंड ओलांडण्याची घाई असल्याने शेवटपर्यंत जबाबदारी कोणीच घेत नाही. भारतीय वर्गात या केसवर एक वेगळा आक्षेप निघू शकतो, तो असा, की साधूच्या बाजूने तो प्रसंग कोणीच सांगितलेला नाही.

नीतीसाठी स्वतंत्र सक्तीचा विषय असावा, की ती सर्व विषयांत मिसळावी, हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या शेअरबाजार नियामक मंडळाचे प्रमुख जॉन शॅड यांनी १९८७ मध्ये हार्वर्डला सुमारे २ कोटी डॉलर देऊ केल्यावर तेथे एक अल्पमुदतीचा पाठ सुरू झाला. एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी हिशेबातील फसवणुकीमुळे २००१ मध्ये कोसळल्यानंतर २००४ पासून तेथे नेतृत्व व कंपनीचे उत्तरदायित्व यांवर पूर्ण सक्तीचा विषय आला. विल्यम फ्रेडरिक व डायान स्वॉन्सन या अभ्यासकांनी २००२ मध्ये अशा विषयाची सक्ती अधिमान्यता देणाऱ्या संस्थेने सर्वच विद्यालयांवर करावी, अशी मोहीम चालवली. ती संस्थेने मान्य केली नाही. व्यवस्थापनाचे प्राध्यापक सुमंत्र घोषाल यांच्या मरणोत्तर, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखाने वादाचा रोखच बदलला. माणूस केवळ स्वार्थी असतो हे गृहीतक वित्त व संघटनशास्त्राच्या तासांना शिकवले जात असेल, तर दोष नीतीच्या तासाच्या अभावात नसून त्या सिद्धांतांतच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत अधिक मूलगामी आहे. मात्र ते मानल्यास जवळजवळ संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा लिहावा लागेल. मेरी जेंटाइल यांची २०१० च्या सुमारास प्रसार पावलेली पद्धत यापेक्षा व्यवहार्य आहे. तिच्यात ‘काय करावे’ यावर वाद न घालता, योग्य ते ठरलेलेच आहे असे धरून ते वरिष्ठांना कोणत्या शब्दांत सांगायचे, याची विद्यार्थ्यांकडून तालीम करून घेतात.

भारतात या शिक्षणाचे दोन प्रवाह दिसतात. एक मूल्यविचाराचा आहे. कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत एस. के. चक्रवर्ती यांनी वेदान्ताच्या आधारे तो मांडला, तर जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या, जेझुइट ख्रिस्ती धर्मसंघाच्या संस्थेत तो नीतिशास्त्राच्या वळणाने गेला. दुसरा प्रवाह क्षेत्रकार्याचा आहे. व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थी खेड्यात राहून काम करतात. मुंबईत अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेचे विद्यार्थी काही आठवडे स्वयंसेवी संस्थांकडे जातात आणि साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये ‘गिव्ह गोवा’ या उपक्रमाद्वारे स्थानिक संस्थांबरोबर काम करणे अभ्यासक्रमाचा भाग आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक झाले. त्यामुळे ‘सीएसआर’ म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी जाणणाऱ्या पदवीधरांची गरज वाढली. पण नफा कसा मिळवला हा प्रश्न बाजूला राहून तो कसा वाटला यावरच भर जाण्याचा धोकाही उत्पन्न झाला. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीने हिशेबात केलेली फसवणूक जानेवारी २००९ मध्ये उघड झाली, त्याच्या काही दिवस आधीपर्यंत तिच्या संचालक मंडळावर व्यवस्थापनाचे नामांकित अध्यापकही बसलेले होते.

परिणामांविषयीचे संशोधन उत्साहवर्धक नाही. अमेरिका व कॅनडातील ३२ विद्यापीठांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्यवसायशाखेच्या ५६ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अभ्यासात लबाडी केल्याचे मान्य केले. इतर शाखांत हे प्रमाण ४७ टक्के होते. उपलब्ध अध्यापन-कार्यक्रमांच्या २००९ मधील एका एकत्रित विश्लेषणात त्यांचा प्रभाव अल्प आढळला. अशा अभ्यासांत मोजमाप बहुधा वर्ग संपताच होते. जोइया यांच्याप्रमाणे नोकरीत काही वर्षे काढल्यावर तोच विद्यार्थी बैठकीत कोणत्या बाजूने हात वर करतो, हे प्रश्नावलीच्या कक्षेत येत नाही.