टायटॅनिकचं अनामिक बाळ आणि आईकडचं गोत

कॅनडात हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात तान्ह्या मुलाचे तपकिरी चामडी बूट ठेवले आहेत. टायटॅनिकच्या एका बळीला तब्बल ९५ वर्षांनी नाव मिळालं, त्यात या बुटांचा वाटा मोठा आहे.

१५ एप्रिल १९१२च्या पहाटे जहाज बुडालं. दोनच दिवसांनी समुद्रतळाच्या तारा दुरुस्त करणारं मॅके-बेनेट नावाचं जहाज बर्फ आणि शवपेट्या भरून हॅलिफॅक्सहून निघालं. त्याला ३०६ मृतदेह सापडले. ११६ तिथेच समुद्राच्या स्वाधीन केले, १९० बंदरावर आणले. त्यातला चौथा देह होता साधारण दोन वर्षांच्या एका मुलाचा. त्याला न्यायला कुणीच आलं नाही, म्हणून खलाशांनीच पदरमोड करून फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत त्याचा दगड उभारला. त्यावर कोरलं, ‘अनामिक बालक’.

मृतांचे कपडे आठवण म्हणून कुणी पळवू नयेत यासाठी पोलिसांनी ते जाळून टाकले. सार्जंट क्लॅरेन्स नॉर्थओव्हर यांना मात्र ते बूट आगीत टाकवेनात. त्यांनी ते टेबलाच्या खणात ठेवून दिले.

हे मूल स्वीडनचा गोस्टा पालसन असावं, असा समज बराच काळ होता. २००१ साली थडगं उघडलं, तेव्हा हाडाचा सहा सेंटिमीटरचा तुकडा आणि तीन दात एवढंच हाती लागलं. तपासणी झाली ती मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या, डीएनएची. हा डीएनए मुलांना फक्त आईकडून मिळतो. त्यामुळे शोधायचे ते आईचे, आजीचे, पणजीचे वंशज. आपल्या कुलवृत्तांतांत ज्यांना पानंच्या पानं मिळतात ते काका-पुतणे इथे कुचकामी, आणि लग्न होऊन आडनाव बदललेल्या लेकी मोलाच्या!

२००२ साली निष्कर्ष जाहीर झाला : तेरा महिन्यांचा फिनलंडचा आयनो पानुला. त्याच वर्षी नॉर्थओव्हर यांच्या नातवाने बूट संग्रहालयाला दिले, आणि शंका आली. एवढ्या लहान बाळाला हे बूट ढगळ झाले असते. पुन्हा, अधिक बारकाईने तपासल्यावर पानुलांशी जुळणी तुटली. २००७ मध्ये खरं नाव पुढे आलं : एकोणीस महिन्यांचा सिडनी गुडविन.

फ्रेडरिक आणि ऑगस्टा गुडविन हे इंग्लंडचं जोडपं सहा मुलांना घेऊन तिसऱ्या वर्गाने अमेरिकेत नायगारा फॉल्सला निघालं होतं. फ्रेडरिकचा भाऊ तिथे राहत होता. ओळख मात्र पटली ती ऑगस्टाच्या माहेरच्या रक्तावरून. सिडनी धाकटा. आठही जणं गेली.

२००८ मध्ये नातेवाईक त्या दगडापाशी जमले. घरातल्या बाकी सातांपैकी कुणाचाच देह आजवर ओळखता आलेला नाही.