टेजेटिक्युला सिंथेटिका (जोशुआ वृक्षाचा पतंग)

प्रोडॉक्सिडी कुलातील हा लहान पतंग अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोहावी वाळवंटात आढळतो. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनी १८९२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. जोशुआ वृक्षाचे (युक्का ब्रेव्हिफोलिया) परागण या पतंगावर अवलंबून असते आणि पतंगाच्या अळ्या त्या वृक्षाच्या बियांवर जगतात.

युक्का वनस्पतींवर जगणाऱ्या इतर अनेक पतंगांचे पंख पांढरे असतात. याचे शरीर व पंख मात्र काळसर करडे दिसतात. ओळखीची खात्रीशीर खूण मादीच्या तोंडाशी असते. तेथील स्पर्शकासारख्या दोन लांब उपांगांनी ती परागकण खरवडून गोळा करते आणि त्यांचा गोळा डोक्याखाली धरून ठेवते. त्याच झाडावर वावरणाऱ्या प्रोडॉक्सस प्रजातीच्या पतंगांना ही उपांगे नसतात व ते परागणही करत नाहीत.

वसंत ऋतूत फुले उमलली की जमिनीतील कोशांतून प्रौढ पतंग बाहेर येतात. परागकण घेऊन दुसऱ्या फुलावर गेलेली मादी अंडनिक्षेपक (अंडी घालण्याची नळी) किंजलातून (फुलाच्या स्त्रीकेसराच्या नळीतून) खाली घालून बीजकांजवळ (ज्यांच्या पुढे बिया होतात त्या भागांजवळ) अंडी ठेवते आणि नंतर वर चढून किंजल्कावर (नळीच्या टोकावर) परागकण दाबून बसवते. बहुतेक कीटकांकडून परागण अन्न शोधताना सहज घडते. येथे ते एक स्वतंत्र कृती म्हणून घडते, आणि या पतंगाच्या अभ्यासातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे. आपल्याकडील उंबराच्या फळातील चिमुकल्या परागवाहक कीटकांचे नाते याच प्रकारचे आहे. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या बियांतून वृक्षाची पुढची पिढी निर्माण होते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत कोश विणते आणि तेथे एकाहून अधिक वर्षे सुप्तावस्थेत राहू शकते. फुलोरा दरवर्षी खात्रीने येत नसलेल्या प्रदेशात अशी प्रतीक्षा उपयोगाची ठरते.

पूर्वेकडील जोशुआ वृक्षांवरील (युक्का येगेरियाना) पतंग दीर्घकाळ याच जातीत गणले जात. आकाराने लहान व आखूड अंडनिक्षेपकाचे हे पतंग वेगळे असल्याचे ओळखून २००३ मध्ये त्यांची टेजेटिक्युला अँटिथेटिका ही स्वतंत्र जाती मानण्यात आली. पूर्वेकडील वृक्षांचे किंजलही आखूड असतात, त्यामुळे अंडनिक्षेपकाची लांबी यजमान फुलाशी जुळते. नेव्हाडा राज्यातील टिकाबू खोऱ्यात दोन्ही वृक्ष व दोन्ही पतंग एकत्र आढळतात, म्हणून पतंग व वृक्ष यांच्या सहउत्क्रांतीचा (एकमेकांच्या प्रभावाने घडलेल्या उत्क्रांतीचा) अभ्यास तेथे विशेष बारकाईने झाला आहे.