कंट्रोलरची तार गेली, चार्जिंग मागे राहिलं

पुण्यात गुरुवार हा वीज देखभालीचा वार. सकाळी लाइट गेली की घरातल्या पोरांना पॉवर बँक आठवते आणि पाठोपाठ प्रश्न येतो: संध्याकाळी व्हिडिओ गेमवर मॅच आहे, तोवर मोबाइलच्या पॉवर बँकेवर गेमचा रिमोट, म्हणजे कंट्रोलर, चार्ज करून ठेवला तर चालेल का? इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत विचारलं तर उत्तर मिळतं, ‘बिनधास्त लावा.’ कंपनीची पुस्तिका म्हणते, कन्सोलच्याच, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या गेमच्या यंत्राच्याच पोर्टला लावा. मित्र सांगतो की फास्ट चार्जरने बॅटरी जळते. या तिघांपैकी कोण बरोबर, हे हातातला कंट्रोलर कोणत्या सालचा आहे यावर ठरतं. २००७ च्या कंट्रोलरसाठी उत्तर ‘नाही’ आहे, २०१४ च्या कंट्रोलरसाठी ‘हो’. मधल्या सात वर्षांत काय बदललं ते समजलं की बाकीचा गोंधळही आपोआप मिटतो.

सुरुवात तारेपासून करावी लागते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे आठ बिटांचे व्हिडिओ गेम आपल्याकडे आले. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर ही त्यातली ठळक नावं. एका कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याची जाहिरात असायची आणि प्रत्यक्षात तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून यायचे. या यंत्रांचा मूळ नमुना निन्टेन्डो या जपानी कंपनीचा. त्याच्या कंट्रोलरच्या वायरीत पाच बारीक तारा असत. दोन तारा पाच व्होल्टच्या विजेसाठी, उरलेल्या तीन बटणं दाबल्याचा निरोप न्यायला. म्हणजे एकच वायर वीजही पुरवत होती आणि निरोपही नेत होती. कंट्रोलर चार्ज करायचा असतो, ही कल्पनाच त्या काळात कुणाच्या डोक्यात नव्हती.

वायर काढून टाकायची म्हटल्यावर या दोन्ही कामांची वेगवेगळी सोय लावावी लागली. निरोपाची सोय तुलनेने लवकर लागली. विजेची सोय अजूनही पुरती लागलेली नाही, आणि आपली सगळी कटकट तिथून येते असं माझं ठाम मत आहे.

पहिले प्रयत्न बोजड होते. अटारी या गेम बनवणाऱ्या कंपनीने १९८३ मध्ये रेडिओ लहरींवर चालणारी जॉयस्टिक काढली. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल पोटात घेतल्याने तिचा तळ चांगलाच जाडजूड झाला होता. १९८९ मध्ये निन्टेन्डोने टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांचा मार्ग धरला. त्या उपकरणाला सहा जाडे सेल लागत, आणि मध्ये कोणी येऊन उभं राहिलं की खेळ अडखळायचा. खरी वाट दाखवली ती २००२ च्या वेव्हबर्डने. हा निन्टेन्डोचाच कंट्रोलर, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर चालणारा, खोलीत कुठेही बसून खेळता येईल असा. दोन पेन्सिल सेलवर तो शंभर तासांच्या आसपास चालायचा. त्यासाठी त्यांनी थरथर निर्माण करणारी मोटर सरळ काढून टाकली होती. ती मोटर ठेवली असती तर सेल भराभर उतरले असते. वायरलेस कंट्रोलर बनवणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब तेव्हापासून करावा लागतोय: थरथर, दिवे, स्पीकर, आवाजाचा माइक, जे जे वाढवाल ते बॅटरीतून वजा होणार.

भारतात या लहरी वापरायला आधी सरकारी मोकळीक हवी होती. ती जानेवारी २००५ च्या नियमांनी मिळाली. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. आपले वायफाय राउटर, ब्लूटूथ हेडफोन आणि गेमचे कंट्रोलर सगळे याच पट्ट्यात नांदतात. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० भारतात आला आणि २००७ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३. योगायोग असा की २००६ हेच पुण्यातलं भारनियमन हटल्याचंही साल. शहरातल्या उद्योगांनी आपले जनरेटर चालवायचे, ग्रिडवरचा तेवढा भार कमी करायचा आणि त्याचा जादा खर्च थोडासा अधिभार देऊन ग्राहकांनी उचलायचा, असं ते ‘पुणे मॉडेल’. राज्याचा मोठा भाग अंधारात असताना पुण्यात रात्रभर काहीतरी चार्जिंगला लावून ठेवता येत होतं.

या दोन कन्सोलनी मात्र दोन अगदी वेगळ्या वाटा धरल्या. मायक्रोसॉफ्टने कंट्रोलरच्या पाठीत दोन पेन्सिल सेलचा कप्पा ठेवला. ज्याला चार्ज करायचं असेल त्याने निकेल-मेटल हायड्राइडचा पॅक आणि त्याची केबल वेगळी विकत घ्यायची. सोनीने लिथियम-आयनची बॅटरी आतच बसवून टाकली, ६१० मिलिअँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). सोनीला हे सुचणं साहजिक होतं, कारण लिथियम-आयन बॅटरी बाजारात पहिल्यांदा आणली तीच सोनीने, १९९१ मध्ये. तिच्यामागचं मूलभूत काम स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांचं. त्यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लिथियम बॅटरी वजनाला हलकी आणि साठ्याला मोठी, पण तिला भरणं नाजूक काम आहे. आधी ठरावीक प्रवाहाने भरायची, ४.२ व्होल्टला पोचली की दाब तिथेच रोखून प्रवाह हळूहळू कमी करत न्यायचा. हे सांभाळणारं सर्किट कंट्रोलरच्या आत असतं. म्हणजे खरा चार्जर आतच आहे. भिंतीत खोचतो तो ठोकळा फक्त पाच व्होल्टची वीज देतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी ‘चार्जर वेगळा आहे, बॅटरी फुटेल’ ही भीती बरीचशी निराधार ठरते. भिंतीतला ठोकळा चांगल्या प्रतीचा असावा, एवढीच अट उरते.

मग २००७ च्या, म्हणजे प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरला मोबाइलचा चार्जर का चालत नाही? यासाठी यूएसबीचा जन्म पाहावा लागतो. ही केबल वीज द्यायला बनलेलीच नव्हती. कीबोर्ड, माउस, प्रिंटर प्रत्येकाची वेगळी पिन असण्याच्या त्रासातून सुटका म्हणून सात कंपन्यांनी मिळून ती आखली आणि १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. इंटेलमध्ये या कामात पुढे असलेले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. केबलचं मुख्य काम माहिती नेण्याचं. वीज सोबत दिली होती ती माउससारख्या छोट्या उपकरणांची सोय म्हणून, आणि तीही शिस्तीत. जोडल्या जोडल्या फक्त १०० मिलिअँपिअर घ्यायचे. जास्त हवे असतील तर समोरच्या संगणकाशी बोलून परवानगी घ्यायची, मग ५०० पर्यंत मिळतील.

प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर ही शिस्त अक्षरशः पाळतो. केबल लावली की तो समोर कन्सोल किंवा संगणक आहे का ते विचारतो. उत्तर आलं तर पुढचे चार लाल दिवे सावकाश लुकलुकू लागतात आणि चार्जिंग सुरू होतं. मोबाइलच्या साध्या चार्जरमध्ये उत्तर देणारं कोणी नसतं. दिवे लागत नाहीत, बॅटरी भरत नाही, आणि घरात सगळ्यांना वाटतं की केबल गेली किंवा रिमोट बिघडला. त्यात ते कन्सोल स्टँडबायवर टाकलं की त्याचे पोर्टही बंद. म्हणजे कंट्रोलर भरायचा तर पूर्ण कन्सोल चालू ठेवायचा. रात्री झोपताना केबल लावून सकाळी रिमोट रिकामाच सापडलेल्या कितीतरी मुलांनी विनाकारण नवी केबल आणली असेल. दोष त्यांचा नव्हता, यंत्राच्या रचनेचा होता.

सुटका मोबाइलमुळे झाली. प्रत्येक फोनची पिन वेगळी आणि जुन्या चार्जरचा ढीग वाढतोय, हे पाहून चीनने २००६ मध्ये चार्जरसाठी सामाईक मानक आणलं. २००७ मध्ये यूएसबीच्या चार्जिंगचे स्वतंत्र नियम झाले आणि २००९ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी युरोपात मायक्रो यूएसबीवर एकमत केलं. युक्ती अगदी साधी होती. चार्जरमध्ये माहितीच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या. उपकरणाला ती जोडणी जाणवली की त्याने समजायचं, समोर संगणक नाही, भिंत आहे, संभाषणाची गरज नाही, वीज घ्या. २०१३ चा ड्युअलशॉक ४ हा कंट्रोलर, जो प्लेस्टेशन ४ सोबत जानेवारी २०१४ मध्ये भारतात आला, तो या नव्या जमान्यातला. मायक्रो यूएसबी, १००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी, आणि मोबाइलच्या चार्जरवर निमूटपणे भरणारा. कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत असतानाही पोर्टला वीज सुरू ठेवायची सोय सेटिंगमध्ये आली.

२०१४ मध्ये टाइप-सी ही यूएसबीची नवी पिन आली. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरने ती घेतली, २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स आणि एक्सबॉक्सचा नवा कंट्रोलर तिच्यावर आले. इथे पुन्हा विचारपूस परतली, पण वेगळ्या तऱ्हेने. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलीत, पलीकडे खरंच कोणी वीज घेणारं आहे अशी खूण मिळेपर्यंत चार्जर वीज सोडतच नाही. ती खूण म्हणजे उपकरणातला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर, विजेला अडथळा करणारा एक बारीक भाग. काही स्वस्त नकली कंट्रोलरमध्ये तो वगळलेला असतो. मग असा कंट्रोलर जुन्या चपट्या पिनेच्या केबलीवर चार्ज होतो आणि लॅपटॉपच्या नव्या चार्जरवर मात्र ढिम्म. दुकानात असा अनुभव आला तर तेवढ्यावरून माल ओळखावा.

फास्ट चार्जरची भीतीही याच नियमाने जाते. ६५ वॉटचा चार्जर नऊ किंवा वीस व्होल्ट देतो ते समोरच्या उपकरणाने मागितल्यावरच. कंट्रोलर तसं काही मागत नाही, म्हणून त्याला पाचच व्होल्ट मिळतात. तो लवकर भरणार नाही आणि जळणारही नाही.

पिनेचा प्रश्न असा सुटत आला असताना बॅटरीचा प्रश्न मात्र उलट बिकट झाला. लिथियम बॅटरी वापरली तरी म्हातारी होते, नुसती ठेवली तरी होते. बारावीच्या वर्षी आईने कपाटात कुलपात ठेवलेला कंट्रोलर वर्षभराने काढला तर कित्येकदा चार्जच होत नाही. रिकामी ठेवलेली बॅटरी आणखी उतरत जाते आणि फार खाली गेली की संरक्षक सर्किट तिला पुन्हा भरू देत नाही. ठेवायचा असेल तर निम्मा भरून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावावा. एक्सबॉक्सवाल्यांना हा त्रास नाही. त्यांनी सेल काढून ठेवले की झालं. ‘अजून पेन्सिल सेल?’ म्हणून या कंट्रोलरला नावं ठेवली जातात, पण वर्षांनुवर्षं टिकण्याच्या दृष्टीने मला तोच निर्णय शहाणपणाचा वाटतो. नवे रिचार्जेबल सेल कुठल्याही दुकानात मिळतात.

ड्युअलशॉक ४ ची बॅटरी बदलणंही अशक्य नाही. मागचे चार स्क्रू काढायचे आणि दोन अर्धी हळूच विलग करायची. घाई इथे नडते. चार्जिंगची पिन आणि दिव्याची पट्टी मागच्या अर्ध्यात असते आणि ती मुख्य बोर्डाला एका पातळ पट्टीसारख्या केबलने जोडलेली असते. झटका दिला की ती फाटते, मग नवी बॅटरी घालूनही चार्जिंग होत नाही. बाजारातली नवी बॅटरी घेताना वरचा आकडाही पारखून घ्यावा. मूळ बॅटरी १००० ची असताना त्याच आकाराच्या पुडक्यावर दुप्पट आकडा छापला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. फुगलेली जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. भारताच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

युरोपने २०२३ च्या बॅटरी कायद्यात आणखी पुढचं पाऊल टाकलंय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी, काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. एक्सबॉक्सचा पेन्सिल सेलचा कप्पा या कसोटीला आजच उतरतो. बॅटरी आत बंद करून टाकणाऱ्यांना मात्र कंट्रोलरची पाठ नव्याने आखावी लागेल.