क्रिएटिनिन नॉर्मल, मग एसीआर कशाला? म्हणणाऱ्यांसाठी

टाइप वन डायबेटिस असलेल्या पोराचा रिपोर्ट पुढं करून कुणीतरी म्हणतंयच, "क्रिएटिनिन ०.७, म्हंजे किडनी एकदम ओके." एसीआर केली का विचारलं की "ती कुठली?" वैताग येतो राव.

क्रिएटिनिन सगळ्यांना माहितीय, स्नायूंतनं निघणारा कचरा, किडनीनं टाकणं कमी केलं की रक्तात वाढतो. एसीआर म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं (हे एक प्रोटीन) लघवीतल्याच क्रिएटिनिनशी प्रमाण. एक रक्ताची, एक लघवीची, ते सोडा.

खरी गोची पुढं आहे. क्रिएटिनिन सांगतं किडनी काम किती करतेय, आणि एसीआर सांगते तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांची चाळण फाटून अल्ब्युमिन लघवीत गळायला लागलंय का. डायबेटिसमध्ये सहसा चाळण आधी फाटते, काम कमी पडायला वर्षं जातात. उलट टाइप वनमध्ये सुरुवातीला शुगर चढी असली की किडनी जास्तीचंच गाळते, त्यामुळं क्रिएटिनिन मस्त कमी दिसतं आणि घरचे खूश! निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी आकडा रेंजमध्येच असू शकतो. एसीआर मात्र त्याच्या कितीतरी आधी ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर जाते, आणि तो इशारा नुसत्या किडनीचा नाही, हार्टच्या रक्तवाहिन्यांचापण असतोय.

त्यात क्रिएटिनिन अंगातल्या स्नायूंवर. तालमीतला गडी १.३ घेऊन ठणठणीत असंल आणि काडीसारखी पोरगी ०.९ वर अडचणीत. रविवारी दुपारी मटणाचं ताट हाणून संध्याकाळी रक्त दिलं तरी थोडं वाढतंय. म्हणून नुसता आकडा बघू नका, शेजारचा ईजीएफआर बघा, म्हणजे क्रिएटिनिन, वय वगैरेवरून काढलेला किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज.

एसीआरचेपण नखरे आहेत. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी, आदल्या दिवशीची जोरदार कसरत, फार चढलेली शुगर, यानं उगाच वाढते. एकदा वाढली म्हणून रडत बसायचं नाही, ३ ते ६ महिन्यांत ३ पैकी २ नमुने वाढीव आले तरच खरं धरतात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा दिलेला बरा.

आणि रूटीन लघवीत "अल्ब्युमिन निल" आलं म्हणजे एसीआर झाली असं नाही ओ, साध्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही. लिव्हरच्या टेस्टमधलं अल्ब्युमिन ४.२ दाखवणारे तर थोरच, ते रक्तातलं, त्याचा इथं काय संबंध?

टाइप वनला ५ वर्षं झाली की एसीआर आणि ईजीएफआर दोन्ही दरवर्षी. फुल बॉडी पॅकेजच्या यादीत बऱ्याचदा एसीआर नसतेच, त्यामुळं लॅबच्या काउंटरवर "युरिन एसीआर" असं स्पष्ट सांगून वेगळी लिहून घ्या.