फोनमधल्या तानपुऱ्याचा खर्ज येतो कुठून?

फोनवरच्या तानपुऱ्याला खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, नाही, अशी गाणाऱ्यांची तक्रार असते. ध्वनीच्या मोजमापात ती अगदी बरोबर आहे. हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीला सा धरला, तर जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर कंप पावते. फोनचा इवलासा स्पीकर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर टाकू शकत नाही. तारेच्या आवाजात मूळ कंपनसंख्येबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींचे घटकही असतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. खर्जाचा मूळ घटक तर गेलाच, पण त्याची दुप्पट, तिप्पट आणि चौपटही बहुतांशी गेली. उरतात ३४७, ४१६, ४८५, ५५४ आणि त्यांच्या वरचे हार्मोनिक. तरीही ऐकू येतो तो खर्जाचा सा. आवाज पातळ होतो, पण स्वर बदलत नाही.

कंपनसंख्या म्हणजेच स्वराची उच्चनीचता, हे शाळेतलं समीकरण इथे अपुरं पडतं. कानातल्या शंखाकृती नलिकेत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा असतो. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला उंच स्वर हलवतात, आतल्या टोकाला खालचे. पहिले आठ-दहा हार्मोनिक या पडद्यावर आपापली वेगळी जागा हलवतात, त्यापुढचे एकमेकांत मिसळतात. शिवाय कानातून मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेतले संदेश साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत लहरींशी ताल धरून निघतात. म्हणजे मेंदूला दोन प्रकारची माहिती मिळते : पडदा कुठे हलला आणि कोणत्या लयीत हलला. त्यावरून तो हे सगळे घटक कोणत्या एका संख्येच्या पटीत बसतात ते शोधतो. ३४७, ४१६, ४८५, ५५४ हे ६९.३ च्या पाच, सहा, सात, आठ पट आहेत. म्हणून ६९.

एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याचं स्पष्टीकरण वेगळं होतं : कानातच विकृती होऊन दोन स्वरांच्या फरकाचा खराखुरा स्वर तयार होत असावा. १९५४ मध्ये लिकलायडर या अमेरिकी संशोधकाने खालच्या पट्ट्यात मुद्दाम खरखर मिसळली. तिथे खरा स्वर असता, तर तो बुडाला असता. उच्चनीचता मात्र टिकून राहिली. १९७२ मध्ये हाउट्स्मा आणि गोल्डस्टाइन यांनी एक हार्मोनिक डाव्या कानात आणि पुढचा उजव्या कानात दिला. कोणत्याही एका कानाकडे पूर्ण माहिती नव्हती, तरी ऐकणाऱ्यांना गाळलेल्या मूळ स्वरांमधली अंतरं ओळखता आली. म्हणजे ही जुळवणी दोन्ही कानांची माहिती एकत्र येते तिथे, मेंदूत होते. २००५ मध्ये बेंडर आणि वाँग यांना मार्मोसेट माकडांच्या श्रवण-बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या ऐकण्याच्या भागात, अशा चेतापेशी सापडल्या, ज्या शुद्ध मूळ स्वराला आणि मूळ स्वर गाळलेल्या हार्मोनिकांच्या संचाला सारखाच प्रतिसाद देतात.

हे घरी तपासता येतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रणालीत तीन ट्रॅक घ्या आणि त्यांवर ६००, ८०० आणि १००० हर्ट्झच्या साइन लहरी तयार करा, प्रत्येकी दोन सेकंदांच्या. अँप्लिट्यूड, म्हणजे लहरीची उंची, ०.२ ठेवा. मूळची ०.८ तशीच राहिली, तर तिघींची बेरीज एकच्या वर जाते, लहरींची टोकं छाटली जातात आणि त्या विकृतीतून २०० हर्ट्झ खरोखरच तयार होतो. मग प्रयोगाला अर्थ उरत नाही. आवाजही बेताचा ठेवा, कारण मोठ्या आवाजात कान स्वतःच विकृती करतो. तिन्ही लहरी एकाच क्षणी सुरू व्हायला हव्यात. एक जरी मागून आली, तर ती वेगळी ऐकू येते आणि जोड फुटतो. नंतर तुलनेसाठी नुसता २०० हर्ट्झचा स्वर वाजवा.

आता ६४०, ८४०, १०४० घ्या. फरक अजूनही २०० चाच आहे. मेंदू नुसती वजाबाकी करत असता, तर स्वर तसाच राहिला असता. पण तो २१० च्या आसपास, जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. ६४० चा तिसरा हिस्सा २१३, ८४० ची चौथाई २१०, १०४० चा पाचवा हिस्सा २०८ : नेमकी पट जुळत नाही, म्हणून मेंदू सर्वांत जवळची संख्या पत्करतो. काहींना मात्र तीन सुटे स्वरच ऐकू येतात. ऐकण्याची ती पद्धतही तितकीच खरी आहे.

४३२ हर्ट्झ ही ‘विश्वाची कंपनसंख्या’ असून तिने आजार बरे होतात, असे व्हिडिओ सतत फिरत असतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं आणि सेकंद माणसाने ठरवलेला. आपल्याकडे सा तर ज्याच्या-त्याच्या गळ्याप्रमाणे बदलतो. राग टिकतो तो स्वरांच्या गुणोत्तरांवर. एका आकड्याला औषध म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

तानपुऱ्याचा खर्ज फोनवर तगतो, त्यात जवारीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या घडणीतून येणाऱ्या झंकाराचा, मोठा वाटा आहे. तार छेडण्याच्या जागी ज्या हार्मोनिकांचा स्थिरबिंदू (तारेवरची न हलणारी जागा) पडतो, ते नेहमीच्या तारेत उमटत नाहीत. तानपुऱ्यात मात्र तेही ठळक असतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं आणि त्याचं श्रेय घोडीच्या वक्र पृष्ठभागाला दिलं. हे हार्मोनिक एकदम न येता तार छेडल्यावर क्रमाक्रमाने उमलतात. आपल्या प्रयोगातली उशिरा आलेली लहर वेगळी कळते, तसाच पाचवा हार्मोनिक सुटा होऊन स्वयंभू गंधार म्हणून कानावर येतो.

म्हणून रियाजासाठी तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण निवडताना खुल्या, म्हणजे जास्त झंकार देणाऱ्या, जवारीचं निवडावं. बंद जवारीच्या तानपुऱ्यात वरचे हार्मोनिक मुळातच दुबळे असतात. खालचे स्पीकर गाळतो आणि मेंदूला जुळवायला पुरेसं काही उरत नाही.