शिसे ओतकाम, घरगुती

भंगारातले शिसे अंगणात, परसात किंवा उघड्या शेडमध्ये वितळवून त्याच्या लगडी, मासेमारीची वजने किंवा लहान ओतीव वस्तू करण्याचे काम. शुद्ध शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते. साध्या गॅसच्या शेगडीवरही त्याचा रस होतो, त्यामुळे भट्टी, भाता किंवा विशेष कौशल्य नसलेला माणूसही त्याला हात घालतो. पाग आणि तत्सम जाळ्यांच्या घेराला, गळाच्या दोरीला शिशाची वजने लागतात. ती विकत मिळतात तशी घरीही ओतली जातात. जर्मनीत वर्षाअखेरीच्या रात्री चमचाभर शिसे वितळवून पाण्यात टाकायचे आणि त्याच्या आकारावरून भविष्य सांगायचे, असा खेळ घरोघरी चाले. २०१८ पासून युरोपीय संघाच्या नियमांमुळे त्याचे शिशाचे संच विक्रीतून गेले आणि मेण व कथील आले.

या कामात लोक भितात ते ‘शिशाच्या वाफे’ला. पण शिसे उकळते १,७४९ अंशांना. साध्या ओतकामाच्या ३४० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात त्याची वाफ जवळजवळ नसते. धूर दखल घेण्याइतका होतो तो ५०० अंशांच्या आसपास व त्यापुढे. घरगुती ओतकामात माणसे भाजतात ती पाण्यामुळे आणि विषबाधा होते ती भुकटीमुळे. तोंडाला कापडी रुमाल बांधून ओले भंगार कढईत टाकणारा आणि नंतर जागा झाडूने साफ करणारा माणूस नको तिथे सावध असतो.

पाणी. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. रसाच्या पृष्ठभागावर पडलेला थेंब बहुधा चरचरून उडून जातो. तोच थेंब रसाखाली गेला, तर वरचे सगळे शिसे उडवतो आणि कढई अर्धी रिकामी होते. पाणी दिसेल तिथेच असते असे नाही. जुन्या नळाच्या चेपलेल्या तुकड्यात, घडी घातलेल्या पत्र्याच्या पोटात, समुद्रातून काढलेल्या वजनाच्या भोकात ते अडकून राहते. बाहेर ठेवलेल्या पळीवर दव असते, कपाळावर घाम असतो, पत्र्याच्या छपराखाली साचलेले थेंब असतात. म्हणून पुढची पथ्ये पाळतात. सगळे भंगार कढई थंड असतानाच भरावे, म्हणजे वितळण्याआधी ओलावा निघून जातो. नळ आणि बंद तुकडे चिरून किंवा ठोकून सपाट करून घ्यावेत. कढईत रस तयार झाल्यावर त्यात थंड तुकडा कधीही टाकू नये. भर घालायचीच असेल तर लगड कढईच्या काठावर ठेवून चांगली तापवावी आणि चिमट्याने अलगद सोडावी. पळी, ढवळणी आणि साचा यांनाही आधी तापवून घ्यावे. पावसाळ्यात हे काम करू नये. ‘थोडी भुरभुर आहे, चालेल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

जमिनीचेही तसेच. ओलसर कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर रस सांडला तर आतला ओलावा फुटून कपच्या उडतात. कोरड्या वाळूने भरलेला लोखंडी ट्रे खाली ठेवणे हा चांगला उपाय आहे, मात्र वाळू खरोखर कोरडी हवी. किनाऱ्यावरची वाळू मीठ धरून ठेवते आणि हवेतली ओल शोषते. ती तव्यावर भाजूनच वापरावी. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वरून सुकलेला दिसला तरी आत पाणी धरून असतो. तो मंद आचेवर बराच वेळ तापवल्याशिवाय वापरात घेऊ नये.

कढई गोठलेल्या शिशासह पुन्हा तापवताना आणखी एक गोष्ट घडते. शिसे वितळताना सुमारे साडेतीन टक्के फुगते. खालून आच लागली की तळाचा रस वरच्या घट्ट थराखाली कोंडतो आणि फट मिळेल तिथून पिचकारीसारखा उडतो. म्हणून काम संपताना उरलेला रस साच्यात ओतून कढई रिकामी करावी. ते शक्य नसेल तर पुढच्या वेळी मंद आच आधी बाजूने द्यावी आणि वरचा थर सुटेपर्यंत कढईवर वाकू नये.

भांडे बिडाचे किंवा जाड पोलादाचे असावे. ॲल्युमिनियमची कढई वापरू नये: ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना, पण ओतकामाच्या तापमानालाही त्याची ताकद बरीच कमी होते आणि भरलेल्या कढईचा तळ किंवा कान सुटू शकतो. गॅल्व्हनाइज्ड बादली जस्त सोडते, आणि सांधा डाखाने जोडलेला डबा वितळलेल्या शिशात सरळ उकलतो. स्वयंपाकघरातले भांडे, पळी किंवा शेगडी या कामाला घेतली तर ती पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही, धुऊनही नाही. आकाराबाबत अंदाज हमखास चुकतो. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट असल्याने १० किलो शिसे लिटरभरापेक्षाही कमी जागेत मावते, तेव्हा छोटी दिसणारी कढई शेगडीची नाजूक तिवई वाकवू शकते. शेगडी बुटकी, रुंद पायांची आणि सपाट जागी ठेवलेली हवी, आणि गॅसची टाकी लांब व बाजूला.

तापमान मोजण्यासाठी ‘के’ प्रकारचा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) रसात बुडवून वापरावा. लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवतो, आणि त्यावर विसंबणारा आच वाढवत राहतो. नुसत्या नजरेने पाहायचे तर शुद्ध शिशाचा रस आरशासारखा असतो. तो फार तापला की वर पिवळी, जांभळी, निळी झाक सरसर धरू लागते. ही झाक म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर. हाच ऑक्साइड वाढत गेला की पिवळट भुकटी होते, बाजारातले मुरदाडशिंग तेच. वजने ओतायला ३५० ते ४०० अंश पुरतात. साचा नीट भरत नसेल तर दोष बहुधा थंड साच्याचा असतो. आच वाढवण्याऐवजी साचा तापवावा.

४०० च्या आत राहण्याला आणखी एक कारण आहे. गाड्यांच्या चाकांच्या बॅलन्सिंगच्या जुन्या वजनांत शिशाबरोबर जस्ताची आणि लोखंडाची वजनेही मिसळलेली असतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळते. त्याखाली रस ठेवला तर जस्ताचे व लोखंडाचे तुकडे वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. एकदा जस्त रसात विरघळले की तो लापशीसारखा दाटतो, साचा भरत नाही, आणि घरी ते पुन्हा वेगळे करता येत नाही. वजने आधीच निवडावीत: पक्कडीने शिसे सहज चेपते, जस्त चेपत नाही.

भंगाराचे प्रकार जाणणे हा या कामाचा अर्धा भाग आहे. छपराचे पत्रे, जुने नळ व पाणबुड्यांची वजने बहुधा शुद्ध शिशाच्या जवळपास असतात, मात्र रंग दिलेले असतील तर रंगाचा धूर आधी विचारात घ्यावा. जुन्या केबलच्या आवरणाला आत तेलकट कागद चिकटलेला असतो. तो सोलून काढला नाही तर दाट धूर होतो आणि ज्वाळा वर येते. छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची सुटी ओतीव अक्षरे, ही वेगळी मिश्रधातू. मुंबईच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या स्वतःच्या टाइप फाउंड्री (अक्षरे ओतण्याचे कारखाने) होत्या, आणि अक्षरांची आख्खी ओळ ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रात वापरला जाणारा ४ टक्के कथील, १२ टक्के अँटिमनीचा रस सुमारे २४० अंशांनाच तयार होई. खिळ्यांचे भंगार आजही मिळाले तर ते वजनांसाठी वितळवून टाकण्यात शहाणपण नाही. ते कठीण व ठिसूळ असते, शिवाय साध्या शिशापेक्षा मोलाचे.

बॅटऱ्या घरी वितळवायच्या नाहीत. इथे सवलत नाही. बॅटरीतल्या शिशाचा मोठा भाग धातूरूपात नसून ऑक्साइड व सल्फेटच्या लगद्यात असतो. तो शेगडीवर वितळत नाही, नुसती विषारी राख होते. पट्ट्यांतले कॅल्शियम आणि दुसऱ्या भंगारातले आर्सेनिक किंवा अँटिमनी एकत्र आले आणि त्या मळीला (रसावर जमणाऱ्या राखेला) पाणी लागले, तर आर्साइन व स्टिबाइन हे प्राणघातक वायू सुटू शकतात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत बॅटऱ्यांचे शिसे वेगळे करण्याचा उद्योग दारोदारी चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ मुले दगावली. भारतात जुनी बॅटरी कायद्याने विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवी. २००१ चे नियम बदलून २०२२ मध्ये त्यासाठी नवे नियम आले.

मळी आणि भुकटी. रसावर जमणारी करडी राख म्हणजे मळी. ती काढण्याआधी वाटाण्याएवढा मेणाचा तुकडा किंवा चमचाभर कोरडा लाकडाचा भुसा टाकून ढवळतात. त्यातला कार्बन काही ऑक्साइडचे पुन्हा धातूत रूपांतर करतो. मेणाचा धूर अचानक पेट घेतो, म्हणून लांब काडीने तो आपणच पेटवून द्यावा. मळी झाऱ्याने उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात अलगद ठेवावी, आपटू नये. संपूर्ण कामातली सर्वांत धोकादायक वस्तू हीच. रस जड असतो, जागच्या जागी राहतो. मळीची पूड मात्र बोटांवर, बाहीवर, चपलेवर, तंबाखूच्या पुडीवर बसते आणि तिथून पोटात जाते. प्रौढ माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो, लहान मुलांत चाळीस ते पन्नास टक्के. उपाशीपोटी आणि लोह किंवा कॅल्शियम कमी असताना शोषण आणखी वाढते. कामानंतर गूळ किंवा दूध घेतले की ‘शिसे उतरते’ हा समज अनेक कारखान्यांत आहे. साबणाने हात धुण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून काम उघड्यावर, वारा पाठीशी किंवा बाजूने घेऊन करावे. फ्लॅटची बाल्कनी, चाळीची गॅलरी, स्वयंपाकघर, बंद गॅरेज या जागा बाद. मुले, गर्भवती स्त्रिया आणि पाळीव प्राणी त्या आवारात नसावेत. शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. अंगात पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे हवेत (नायलॉन व पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतात), पायात चामडी बूट आणि त्यांच्यावरून खाली येणारी पँट, हातात वेल्डिंगचे लांब चामडी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि वर पूर्ण चेहऱ्याची ढाल. पँट बुटात खोचली तर उडालेला थेंब थेट घोट्यावर उतरतो. मळी हाताळताना पी-१०० दर्जाचा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) श्वसनमुखवटा लावावा. कामाच्या वेळी खाणे, चहा, तंबाखू, बिडी काही नाही.

नंतरची सफाई झाडूने किंवा घरच्या व्हॅक्यूमने करू नये, दोन्ही भुकटी हवेत उडवतात. सगळे थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके मळीबरोबरच बांधून ठेवावे. कपडे तिथेच बदलून वेगळे धुवावेत, चपला घरात आणू नयेत, मुलांना जवळ घेण्याआधी अंघोळ करावी. मळी बागेत, गटारात किंवा ओल्या कचऱ्यात जाता कामा नये. शिसे घेणाऱ्या नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे ती द्यावी.

भाजल्यास आच बंद करून जखमेवर नळाचे वाहते पाणी २० मिनिटे सोडावे, अंगठी व घड्याळ लगेच काढावे. कातडीला चिकटलेले शिसे ओढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नये. डोळ्याला लागले असेल तर पाणी मारत सरळ रुग्णालय गाठावे.

शिशाची बाधा बहुधा गुपचूप येते. थकवा, चिडचिड, बद्धकोष्ठ, पोटात कळा ही लक्षणे दुसऱ्या शंभर कारणांनी होतात. हिरड्यांवरची निळसर रेघ किंवा मनगट लुळे पडणे फार उशिरा दिसते. कारखान्यांना शिशाची विषबाधा कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, पण घरातल्या शेगडीला असा पहारेकरी नाही. म्हणून नियमित ओतकाम करणाऱ्याने आणि त्याच्या घरच्या मुलांनी वर्षातून एकदा शिरेतील रक्तातले शिसे तपासून घ्यावे. अमेरिकेत मुलांसाठी २०२१ पासून दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा संदर्भ-आकडा धरतात. त्याखालची पातळी सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते, हाडांत साठलेले मात्र दशकानुदशके टिकते. मुलांत ४५ मायक्रोग्रॅम व त्यापुढे डॉक्टर साधारणतः चिलेशनची (रक्तातले शिसे बांधून शरीराबाहेर काढणारी) औषधे देतात, आणि ती सुरू करण्याआधी घरातली शिशाची जागा बंद करायला सांगतात, कारण मूल त्याच घरात परतले तर पातळी पुन्हा चढते.