खुलासा: नॉइज कॅन्सलिंग हेडसेट इंजिनचा बिघाड लपवत नाही

छोट्या विमानांच्या वैमानिकांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: नॉइज कॅन्सलिंग हेडसेट घातला की इंजिनचा बिघाड ऐकूच येत नाही. हे खरं नाही.

हेडसेटमधला मायक्रोफोन आवाज टिपतो आणि स्पीकर त्याची उलटी लहर सोडतो. ही युक्ती मुख्यतः खालच्या पट्टीच्या, सलग घरघरीवर चालते. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर त्याचा मूळ सूर 80 हर्ट्झचा असतो. नेमका तोच दबतो. पण दबतो म्हणजे नाहीसा होत नाही. इंजिन अडखळलं की लय बिघडते, हादरे बदलतात आणि ते जाणवतं. उलट घरघर कमी झाल्याने रेडिओवरचं बोलणं स्पष्ट कळतं, थकवाही कमी येतो. अर्थात, इंजिनाच्या मीटरवर नजर हवीच.

वरच्या पट्टीचा आवाज मात्र कानावरची गादीच अडवते. म्हणून निवडताना पकड आधी तपासा, तीही चष्मा घालूनच. जाड काडीमुळे फट राहिली तर महागडं इलेक्ट्रॉनिक्सही तोकडं पडतं. बॅटरी संपल्यावर इंटरकॉम चालू राहतो ना, हेही जरूर विचारा.